दोन ऑगस्टचा शनिवार

॥ श्री ॥
डेन्व्हर, कोलोरॅडो
१० मे २००३

ती. ताईस,
अर्णवचा सा. न. वि. वि.

फोनवर तू हो, नाही, बरं आहे यापलीकडे बोलत नाहीस आणि बाबा रिसीव्हर कानाला लावून नुसते श्वास घेतात. म्हणून हे पत्र. बाबांना ई-मेल शिकवायचा माझा बेत तूच हाणून पाडलास, तेव्हा आता माझं अक्षर सोसायला लागेल.

आईला जाऊन आज सात आठवडे झाले. मी ऑफिसात जातो, परत येतो, भात लावतो. सगळे म्हणतात अर्णव चांगला सावरला. मी पण मान डोलावतो.

पत्रास कारण असं की तू इकडे यावंस. पाहुणी म्हणून नाही, हक्कानं, महिनाभर. तीन वर्षं तू आईच्या अंथरुणापासून हलली नाहीस. शाळेचा राजीनामा दिलास, तेव्हा मला विचारलंही नाहीस. विचारलं असतंस तरी मी इथून काय सांगणार होतो म्हणा. बाबांकडे राहीबाई बघतील, नाहीतरी त्या दिवसभर कामाला घरीच असतात. तू नाही म्हणायच्या आत मी पुढचं लिहितो.

इथून दोन तासांवर रॉकी माउंटन नॅशनल पार्क आहे. त्यात वर डोंगरात एक तळं आहे. गाडी ठेवायची तिथून सात किलोमीटर चढत जायचं, दुपारपर्यंत परत. मी ऑफिसच्या लोकांबरोबर तीनदा गेलोय. आधी सूचीपर्णी झाडांचं रान लागतं, मग झाडं बुटकी होत होत संपतात, मग नुसते धोंडे, आणि एकदम समोर पाणी. पलीकडच्या कड्याला ऑगस्टातही बर्फ चिकटलेला असतो. तिथं गेल्यावर माणसं आपोआप हळू बोलायला लागतात. आपण दोघं तिथं जाऊ. वाट सोपी आहे. नकाशा सोबत घातला आहे, त्यावर लाल पेननं खूण केली आहे.

ऑगस्टचा पहिला आठवडा कसा वाटतो? लगेच कळव.

ती. बाबांना शि. सा. न. राहीबाईंना आठवण सांग.

तुझ्या मायेचा कायमचा ऋणी,
अर्णव

---

॥ श्री ॥
भिवंडी
२९ मे २००३

चि. अर्णव यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. तीनदा वाचलं. पहिल्या दोन वेळा वाचून झाल्यावर काय वाचलं ते आठवेना. हल्ली असंच होतं. वरणात मीठ घातलं की नाही ते कळत नाही, चाखून बघितलं तरी कळत नाही. बाबा काही बोलत नाहीत. राहीबाईंनी एकदा घास तोंडात घातला आणि उठून मोरीत जाऊन थुंकल्या, तेव्हा समजलं की तीनदा घातलं होतं.

तुला काळजी वाटावी म्हणून लिहीत नाही. मी आजारी नाही. झोप लागते, भूक लागते. तेराव्याला सगळ्या बायका रडत होत्या आणि मी पत्रावळी पुरतात का ते बघत होते. नंतर रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. दुपारी चारला अजून हात औषधाच्या डब्याकडे जातो. डबा जागेवर नाही. मग मी हात परत घेते.

बाबांची गंमत सांगते. तुझा नकाशा टेबलावर दोन दिवस पडून होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे आपलं भिंग मागितलं. आई गेल्यापासून त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली वस्तू. चौतीस वर्षं सिटी सर्व्हेत जमिनी मोजलेला माणूस तो. काल्हेर-राहनाळची शेतं गोदामं व्हायच्या आधी त्यांच्याच मोजणीच्या साखळीखालून गेलेली. सकाळभर तुझ्या डोंगराच्या रेषा मोजत बसले. मग म्हणाले, की या पोराला सांग, वाट सोपी नाही. शेवटच्या मैलात रेषा एकमेकींना चिकटल्यात, म्हणजे तिथं उभा चढ आहे. एकूण सतराशे फूट भरतात आणि तू ते ताईला कळवलं नाहीस. एवढं बोलून भिंग पुसून ठेवलं. तेव्हा सोपी या शब्दाबद्दल तुझी कानउघाडणी झाली आहे असं समज.

मला यावंसं वाटतं का, हे खरं सांगायचं तर मला कळत नाही. पण येऊ नये असंही वाटत नाही. म्हणून येते. पासपोर्ट आहे, तुझ्या पदवीदानाला यायचं म्हणून काढला होता तो. व्हिसाचे कागद पाठव.

भात लावतोस तर त्याबरोबर भाजीही करत जा.

आहे तो जिव्हाळा जपावा,
ताई

---

॥ श्री ॥
डेन्व्हर
१४ जून २००३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कागद वेगळ्या पाकिटानं कुरिअर केले आहेत. बाबांची कानउघाडणी शिरोधार्य. मी परत नकाशा बघितला. ते बरोबर आहेत. मी तीनदा चढूनही मला सतराशे आकडा माहीत नव्हता आणि त्यांनी तो भिवंडीत खुर्चीत बसून काढला.

दिवस ठरवला, शनिवार, दोन ऑगस्ट. तू पंचवीस जुलैला पोचलीस की आठवडाभर इथल्या हवेची सवय होईल. डेन्व्हरच मैलभर उंचीवर आहे, तळं त्याच्या दुप्पट. विरळ हवेत पहिले दोन दिवस डोकं दुखतं, पाणी पीत राहायचं.

आता नीट ऐक. पहाटे साडेचारला निघायचं. कारण तिथं दुपारी एकनंतर रोज विजा पडतात, आणि झाडं संपलेल्या उघड्या जागी आपणच सगळ्यात उंच असतो. बारा वाजता आपण कुठेही असू, तळं दोनशे पावलांवर असलं तरी मागे फिरायचं. हा नियम मला इथल्या एका म्हाताऱ्या वाटाड्यानं घालून दिला आहे. प्रत्येकी तीन लिटर पाणी. साडी नको, पंजाबी ड्रेस चालेल, ओढणी पिशवीत. बूट तिकडूनच घे आणि आतापासून घालून चाल, नवीन बुटांनी टाचा सोलतात. सकाळी थंडी असेल, आईची ती करडी शाल आण असं लिहिणार होतो, पण मी इथं तुझ्यासाठी जाकीट घेतो. खाण्यासाठी तू दशम्या केल्यास तर मी अख्ख्या पार्कात सगळ्यात श्रीमंत माणूस असेन.

तू ढोपरं दुखतात म्हणून वाटेत बसलीस तर मी पाठीवर घेणार नाही, आधीच सांगतो. लहानपणी तू मला वऱ्हाळा तलावाला चालवत नेऊन परत चालवत आणायचीस, उचलून घेतलं नाहीस, त्याची फेड.

ताई, मला तुला एक सांगायचं आहे. फोनवर जमत नाही. तळ्यावर पोचल्यावर सांगेन. त्यासाठीच हा सगळा घाट घातला असं म्हटलंस तरी चालेल.

बाबांना शि. सा. न.

माया पातळ होऊ देऊ नकोस,
अर्णव

---

॥ श्री ॥
भिवंडी
५ जुलै २००३

चि. अर्णव यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मी नुसतं व्हिसा मिळाला नाही एवढंच म्हणाले आणि तू कितीतरी वेळ हॅलो हॅलो करत राहिलास. लाइन तुटली नव्हती. आता सगळं क्रमानं लिहिते.

तू सांगितल्याप्रमाणे चालायला लागले होते. धामणकर नाक्यावरून कॅनव्हासचे बूट आणले. सकाळी साडेपाचला निघायचं, तलावाला दोन फेऱ्या, परत. आधी राहनाळच्या रस्त्यानं जाऊन बघितलं, पण तिथं गोदामाचे ट्रक पहाटेपासून उभे, ड्रायव्हर लोक रस्त्यावर दात घासत असतात आणि बूट घातलेली बाई दिसली की ब्रश थांबवून बघतात. पॉवरलूमची रात्रपाळी सुटायची तीच वेळ. कापूस केसांत घेऊन माणसं येत असतात आणि मी त्यांच्या उलट दिशेनं चाललेली.

राहीबाई म्हणाल्या, की ताय, डोंगराव जायाचा हाय तं डोंगराव चाल, तलावाला फिरून काय व्हनार हाय. त्यांच्या गावाला, दिघाशीला मला घेऊन गेल्या. गावामागच्या टेकडीवर चढलो. साठीच्या बाई, अनवाणी, माझ्या पुढे. चिखलात मी दोनदा घसरले. वर गेल्यावर त्यांनी विचारलं, बरं वाटलं का. मी हो म्हटलं. खरं म्हणजे पाय दुखत होते एवढंच वाटलं. पण दुखतंय हे कळलं, तेही पुष्कळ दिवसांनी.

मंगळवारी व्हिसाला गेले. चार तास रांग. खिडकीतली बाई चांगलं मराठी बोलत होती, तिनं नोकरी विचारली. सोडली म्हटलं. लग्न? नाही. घर? वडिलांच्या नावावर. मग तिनं विचारलं, की तुम्ही परत येणार याचा पुरावा काय. मी आजवर कुठे गेलेच नाही, तर परत आल्याचा पुरावा कुठून आणू? ती माफ करा म्हणाली आणि एक छापील कागद दिला. बाहेर येऊन मी उसाचा रस प्यायले. बूट घालूनच गेले होते.

मला वाईट वाटलं नाही, अर्णव. तुला लागेल म्हणून लिहावं की नाही असा विचार केला, पण खोटं कशाला लिहू. स्टूलवर ठेवलेला तांब्या कुणी उचलून नेला तर स्टूलला काय वाटेल, तितपतच. बाबांना मात्र वाटलं असावं. त्यांनी नकाशाची घडी केली आणि पंचांगात घालून ठेवली.

दोन ऑगस्टला तू जा. आमच्यासाठी म्हणून जा. आणि तुला जे सांगायचं होतं ते आता लिही. तळ्यावर माणसं हळू बोलतात म्हणालास, कागदावर तर आवाजच नसतो.

आपुलकी असू द्यावी,
ताई

---

॥ श्री ॥
डेन्व्हर
३ ऑगस्ट २००३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल गेलो होतो. साडेचारला निघालो. तुझं जाकीट मागच्या सीटवर होतं, त्याचं काय करायचं सुचलं नाही म्हणून पिशवीत घेतलं. वाटेत चारपाच हरणं दिसली, आपल्या म्हशींएवढी मोठी. शेवटच्या मैलात बाबांच्या चिकटलेल्या रेषा लागल्या. पन्नास पावलं चढायचं, थांबायचं, श्वास घ्यायचा. साडेनऊला तळ्यावर होतो. पाणी हिरवट काळं. एक जोडपं होतं, तेही निघून गेलं. मी दोन तास बसलो आणि जे सांगायचं होतं ते आधी मनात जुळवून बघितलं. जुळलं नाही. म्हणून जसं येईल तसं लिहितो.

मार्चमध्ये तुझा फोन आला, की डॉक्टरांनी आठवड्याचीच आशा दिली आहे, लगेच नीघ. दुसऱ्याच दिवशी बर्फाचं वादळ झालं आणि विमानतळ बंद पडला. हे तुला माहीत आहे. हे खरंच आहे. पण वादळ दोनच दिवस होतं, ताई. तिसऱ्या दिवशी विमानं सुटली. माझं तिकीट होतं. मी विमानतळावर गेलो. बॅग आत गेली. बोर्डिंग पास हातात होता. माझ्या रांगेचा नंबर पुकारला तेव्हा मी खुर्चीत बसलेला होतो. सगळे उठले. मी उठलो नाही. एका बाईनं जवळ येऊन माझं नाव घेत तुम्हीच का ते असं विचारलं, मी नाही म्हणून मान हलवली. दार बंद झालं. काचेतून विमान मागे सरकताना दिसलं.

मी त्या विमानात असतो तर आई जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी भिवंडीत पोचलो असतो. हा हिशेब मी रोज करतो आणि रोज तोच येतो.

का, ते विचारशील. तू फोनवर म्हणाली होतीस, आता आईचं वजन बत्तीस किलो आहे. तू सहज सांगितलंस, पथ्य सांगतात तसं. मला ती बत्तीस किलोची आई बघवली नसती. याच्यापेक्षा मोठं कारण असावं म्हणून मी पुष्कळ शोधलं. नाही. एवढंच आहे.

घरी येऊन मी तुला फोन केला आणि म्हटलं, अजून वादळच आहे. तू म्हणालीस, ठीक आहे, तू जप.

अकरानंतर कड्यामागून ढग यायला लागले तेव्हा उठलो. खाली येईपर्यंत गारा पडल्या. जाकीट घातलं नाही.

यापुढे तुला मला पत्र लिहायचं नसेल तरी मी लिहीन. बाबांना हे सांगावं की नाही ते तूच ठरव.

काही मागायचा अधिकार उरला नाही, म्हणून नुसता नमस्कार.
अर्णव

---

॥ श्री ॥
भिवंडी
१७ ऑगस्ट २००३

चि. अर्णव यास,
आशीर्वाद.

मला माहीत होतं.

तू वादळच आहे म्हणालास त्याच दुपारी मी विमान कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला फोन केला होता. तू आता कधी पोचशील ते विचारायला. तिथल्या माणसानं सांगितलं, की मॅडम, डेन्व्हरहून उड्डाणं सुरू झालीत, तुमच्या भावाचं नाव यादीत आहे पण ते चढले नाहीत. मी थँक्यू म्हटलं. फोन ठेवला आणि आईचा अंगठा सुजला होता त्याला तेल लावायला गेले. तेव्हापासून माझं हे असं झालं की त्याच्याही आधी, ते मला नक्की सांगता येत नाही.

आता माझं ऐक. हे मीही कुणाला सांगितलेलं नाही.

जायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, आईनं डोळे उघडले आणि विचारलं, अर्णव आला? मी म्हटलं, आलाय, दारात चपला काढतोय. का म्हटलं ते माहीत नाही. तोंडून गेलं. तिला इतकं बरं वाटलं, की मला म्हणाली, त्याला आधी चहा टाक, प्रवासातून आलाय. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. कपात ओतला. उभ्यानं मीच प्यायले. परत आले तर तिची नजर दारावर होती. ती तिनं तिथून काढली नाही. रात्रभर नाही, सकाळी नाही. शनिवारी दुपारी गेली तेव्हाही डोळे तिकडेच होते, ते मी मिटवले.

बाबा तिच्या पायाशी बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांनी माझं बोलणं खोडलं नाही. तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांशी धड बोललेलो नाही.

तुझं पत्र मी त्यांना वाचायला दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, मग चष्मा काढून म्हणाले, की तो पोचला असता तरी ती गेलीच असती. मग चष्मा परत लावून म्हणाले, पण पोचायला हवं होतं.

मला तुझा राग आला का, असं तू विचारलं नाहीस, पण मनात असेल. नाही आला. मी वाट बघितली. पत्र वाचून हात धुतले, भाकरी केल्या, झोपले. काही नाही. येईल तेव्हा कळवीन.

ता. क. २३ ऑगस्ट. पत्र पोस्टात टाकायचं राहून गेलं होतं, ते बरं झालं. पुढचं लिहायला पाकीट फोडलं आहे.

आज बाजारात काल्हेरच्या आक्का भेटल्या. त्यांच्या नातीला, भाविकाला, आपल्या आईनं दहावीचं गणित घरी शिकवलं होतं. आई गेल्याचं त्यांना उशिरा कळलं म्हणून हळहळल्या. भर भाजीबाजारात माझा हात धरून उभ्या राहिल्या. मग विचारलं, की ल्योक पोचला व्हता ना टायमाला?

पाच महिने हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला आहे. शेजाऱ्यांनी, शाळेतल्या बायकांनी, मामांनी, पिंडाला बसलेल्या गुरुजींनी. पाच महिने मी सगळ्यांना सांगितलं, की वादळ होतं हो, विमानतळच बंद, जीव तुटत होता बिचाऱ्याचा. इतक्या वेळा सांगितलं, की तुझा जीव कसा तुटत होता ते मला समोर दिसायला लागलं होतं. आजही तेच सांगायला तोंड उघडलं. आणि अर्णव, ते तोंडातून बाहेरच येईना.

मी म्हटलं, नाही. नाही आला. विमान सुटलं आणि तो खुर्चीत बसून राहिला.

मोठ्यानं म्हटलं असणार, कारण मिरच्या मोजणारा माणूस थांबला. आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. हातातली पिशवी पडली, बटाटे घरंगळत गटारापर्यंत गेले. मी ते गोळा केले नाहीत. तिथंच, दुकानाच्या पायरीवर बसून, ओरडून सांगितलं, की मी तीन वर्षं तिला उचलून बसवलं, मी तिच्याशी खोटं बोलले, त्याच्यासाठी अख्ख्या भिवंडीशी खोटं बोलले, आणि तो मला डोंगरातलं तळं दाखवणार होता. अशी ओरडले जशी मी वर्गातही कधी ओरडले नाही. रडत होते हे मला आक्कांनी पदरानं तोंड पुसलं तेव्हा कळलं. मला तुझा इतका राग आला होता की तू समोर असतास तर मी तुला मारलं असतं. अजूनही आहे. लिहितानासुद्धा पेन कागदात रुततंय, बघ.

आक्का माझ्याशेजारी पायरीवर बसल्या. चुकलं त्याचं, असं म्हणाल्या नाहीत. जाऊ दे, असंही म्हणाल्या नाहीत. माझं ओरडून संपेपर्यंत थांबल्या. बटाटे त्यांनीच वेचून आणले. मग एवढंच विचारलं, की मंग आता तरी येल का तो?

मी म्हटलं, माहीत नाही, विचारते.

म्हणून विचारते आहे.

तुझ्यावर रागावलेली,
ताई